राग उतरलेला गहू

भरलेलं सभागृह हात जोडून एका परातीची माफी मागत होतं.

"आम्ही तुला कापलं," पावबाबा माइकवर म्हणाले.

"आम्ही तुला कापलं," शे-दोनशे माणसं म्हणाली.

"आम्ही तुला भरडलं."

"आम्ही तुला भरडलं."

"आमचं चुकलं."

"आमचं चुकलं." या वाक्याला काही जणांचा आवाज भरून आला होता.

परातीत पिठाचा मोठा गोळा होता. तो काही बोलला नाही. पण बाबांनी वाकून त्याला कान लावला, बराच वेळ ऐकलं, आणि मान डोलावली. "उतरला," ते म्हणाले, "राग उतरला."

टाळ्या पडल्या. परात पडद्यामागे गेली. पडद्यामागे भट्टी होती, आणि तासाभराने तिथून ताज्या पावाचा असा काही वास आला की पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे मिटून घेतले. त्यांनी कित्येक वर्षांत पाव खाल्ला नव्हता. तिथल्या बहुतेकांनी खाल्ला नव्हता. गहू पोटात गेला की ज्यांचं आतडं बिघडतं अशी ती सगळी माणसं, आणि त्यांचे नातेवाईक.

एक हडकुळा पोस्टमन मंचावर चढला. त्याने जाड तुकडा खाल्ला, पोटावर हात ठेवला आणि उभा राहिला. सगळे त्याच्याकडे बघत राहिले. काही झालं नाही. आणखी थोडा वेळ बघितलं. तरी काही झालं नाही. मग लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. काहीही न घडणं हाच ज्याचा चमत्कार आहे, असा चमत्कार मास्तरांनी याआधी पाहिला नव्हता.

मास्तर मधल्या रांगेत बसले होते. ते गाडी चालवायला शिकवत. दिवसभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, एक पाय जादाच्या ब्रेकवर ठेवायचा आणि भिंत कितीही जवळ आली तरी आवाज चढू द्यायचा नाही, हा त्यांचा धंदा. त्यांच्या एका बाजूला त्यांची मोठी बहीण बसली होती. तीच सगळ्यांना इथे घेऊन आली होती. दुसऱ्या बाजूला बायको होती, जिचं चष्म्याचं दुकान होतं आणि जी आत्ता हाताची घडी घालून बसली होती. नवराबायकोच्या मध्ये त्यांची मुलगी, बारकी.

"विज्ञान म्हणतं ग्लुटेन," बाबा बोलत होते. पांढरा एप्रन, पांढरी टोपी, आवाज मधात बुडवून काढलेला. "अहो, ग्लुटेन म्हणजे काय? नीट ऐका. गिळ-ताण. गव्हाने गिळलेला ताण! बाकीच्यांना ळ म्हणता येत नाही, म्हणून त्यांनी त्याचं ग्लुटेन केलं. तुम्हाला कोणी कापलं, दोन दगडांत भरडलं, वर भट्टीत घातलं, तर तुम्हाला राग येईल की नाही? तोच राग तुमच्या पोटात जाऊन तांडव करतो. डॉक्टर म्हणतात गहू सोडा. मी म्हणतो, गव्हाचा राग सोडवा!"

"काय ज्ञान आहे," बारकीची आत्या पुटपुटली.

"ळ चांगला म्हणतात," बायको म्हणाली.

बारकी पोस्टमनच्या हातातल्या उरलेल्या तुकड्याकडे बघत होती.

*

बारकीचं नाव बारकी पडलं, कारण सहाव्या वर्षी ती चार वर्षांची दिसायची. पोट फुगलेलं, हातपाय काड्यांसारखे, खाल्लेलं अंगी लागत नाही. नजर उतरवून झाली, टॉनिकं झाली. शेवटी एका पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, दुर्बीण घालून आतडं पाहिलं आणि सांगितलं, "सिलिअॅक. गहू, जव असल्या धान्यांत ग्लुटेन असतं. ते पोटात गेलं की हिचं शरीर हिच्याच आतड्यावर तुटून पडतं. औषध नाही. पथ्य आहे. कायमचं. 'एक घास खाल्ला तर काय होतंय' हे वाक्य घरातून हद्दपार करा."

हे दुखणं घराण्यात असू शकतं म्हणून त्यांनी आईवडिलांचंही रक्त तपासलं. आई सुटली. मास्तर सापडले.

"पण मला काहीच होत नाही," मास्तर म्हणाले.

"तुम्हाला जाणवत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "होतंय सगळं."

मग मास्तरांनीही पथ्य धरलं आणि घर बदललं. ओट्यावर दोन टोस्टर आले. एका सुरीच्या मुठीला लाल चिकटपट्टी लागली आणि ती सुरी गव्हाच्या पावाला कधीच शिवायची नाही असा कायदा झाला. लोण्याचे डबे वेगळे. दुकानात सॉसची बाटली घेतली की बायको खिशातून भिंग काढून मागची बारीक अक्षरं वाचत उभी राही, आणि मागची गिऱ्हाइकं घसे खाकरत. आत्या आली की पर्समधून बिस्किटं काढी. ती उठली की सोफा झटकावा लागे, आणि सोफा झटकला की आत्या रुसे. "मी काय विष सांडलं का?" ती विचारी. खरं उत्तर देण्याची सोय नव्हती.

पावाचं काम मास्तरांकडे आलं. दर रविवारी ते तांदळाचं पीठ, बटाट्याचं स्टार्च आणि इसबगोल एकत्र करून पाव भाजत. हे पीठ मळायचं नसतंच, कालवायचं असतं. गव्हाचं पीठ ओढलं की लांब होतं. हे ओढलं की तुटतं. हाताला ओल्या मातीसारखं लागतं. भट्टीतून निघाल्यावर त्यांचा पाव बरा दिसायचा. संध्याकाळपर्यंत त्याची वीट व्हायची. बारकी तीही बिनतक्रार खायची, आणि पाच-सहा वर्षांत चांगली उंच झाली. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

त्या वर्षी शाळेचं शिबिर होतं. डोंगरात, चार दिवस, सगळा वर्ग. शिबिराच्या स्वयंपाकघराने काखा वर केल्या: एवढ्या पोरांत एकीचं वेगळं आम्हाला जमणार नाही, जबाबदारी कोण घेणार? मास्तर हे सांगायला बारकीच्या खोलीत गेले. तिने पुस्तकातून डोकं वर न काढता म्हटलं, "मला तसंही जायचं नव्हतं."

तिने आधीच पाठपिशवी काढून झटकून ठेवली होती. ती दाराच्या मागे लटकत होती. मास्तरांना ती दार ओढून घेताना दिसली.

दुसऱ्याच दिवशी आत्याने पावबाबांची बातमी आणली. वेळ अशी साधली होती की कुठल्याही बाबाने हेवा करावा.

*

पहिल्या शनिवारी बायकोने बारकीला सभागृहातला तुकडा खाऊ दिला नाही. मास्तरांनी स्वतः खाल्ला. दुसऱ्या शनिवारी घरात भांडण झालं.

"तिला चार मुलींसारखं खाता आलं तर तुला नकोय का?" मास्तर म्हणाले.

"मला हवंय," बायको म्हणाली. "म्हणूनच मी सहज ऐकत नाही. जे मला हवं असतं त्याच्याबाबतीत माझे डोळे आधी कच्चे होतात. दुकानात रोज बघते. फ्रेम आवडली की गिऱ्हाइकाला त्यातून सगळं स्पष्ट दिसतं."

तिसऱ्या शनिवारी बारकीने खाल्ला. आई दोन दिवस तिच्या मागे मागे फिरली. पोट दुखलं नाही, उलटी झाली नाही, काहीच नाही. "मऊ होता गं आई," बारकी म्हणाली. "आणि संध्याकाळीही मऊ होता. मी एक तुकडा रुमालात आणला होता." त्या रात्री मास्तर न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले.

"हे मला कळत नाही," बायको म्हणाली. आत्याने याचा अर्थ शरणागती असा घेतला.

आता बाबांकडे पुढची पायरी होती. रोज रोज सभागृहात कोण येणार? म्हणून आपलं घरचं पीठ पिशवीतून आणायचं, परातीशेजारी ठेवायचं, सगळ्यांबरोबर माफी मागायची, बाबा प्रत्येक पिशवीला कान लावणार, आणि मग ते पीठ घरी नेऊन बिनधास्त वापरायचं. देणगी ऐच्छिक होती. ऐच्छिक म्हणजे किती, ते दारावर लिहिलेलं होतं.

मास्तरांनी पिशवी नेली. बाबांनी कान लावला. "थोडा कुरकुरतोय," ते म्हणाले, "पण समजूतदार आहे."

"आधी मी खाऊन बघतो," मास्तरांनी घरी जाहीर केलं. त्यांना वाटलं, याहून शास्त्रीय पद्धत कुठली असणार? त्यांनी रोज सकाळी त्या पिठाचा पाव खायला सुरुवात केली. आठवडा गेला, महिना गेला, दुसराही जाऊन तिसरा अर्धा झाला. मास्तर ठणठणीत.

"बघ," एके दिवशी ते लोण्याचा हात पुसत म्हणाले. "आता काय म्हणशील? काहीही होत नाही मला."

बायको चहा ओतत होती. ती थांबली नाही. "तुम्हाला आधी तरी कुठे काय होत होतं?"

मास्तर म्हणाले, "तुला प्रत्येक गोष्टीत खोडच काढायची असते." आणि शिकवणीला उशीर होतोय म्हणून उठले. वास्तविक त्या दिवशी पहिली शिकवणी दुपारी होती.

दोन दिवसांनी बायको दुकानात असताना त्यांनी बारकीला त्या पावाचे दोन तुकडे दिले. बारकीने आनंदाने खाल्ले आणि शाळेत गेली. दुपारी शाळेतून फोन आला. मास्तर पोचले तेव्हा ती आजारी मुलांच्या खोलीत गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर पडली होती. शेजारी बादली होती. तोंड पांढरंफटक.

"पप्पा," ती म्हणाली, "मी माफी मनापासून मागितली होती."

*

बाबांना नवल वाटलं नाही. त्यांना कशाचंच नवल वाटत नसे.

"मुलीने मागितली मनापासून," ते म्हणाले. "वडिलांनीही मागितली. त्यांना बाधलं नाही, बरोबर? मग पोरीलाच का बाधलं? घरात कोणीतरी एक आहे, जो मनातून हसतोय. गहू मुका आहे, आंधळा नाही."

आत्याला दोनदा सांगावं लागलं नाही. तिने घरी येऊन वहिनीसमोर पर्स आपटली. "तुझ्या शंकेने पोरीचे हाल झाले. आई आहेस की कोण?"

"मी माझ्या दुकानात होते, वन्सं," बायको म्हणाली. "पाव तुमच्या भावाने दिला."

"तू नुसती असलीस तरी पुरे!"

बारकी पलंगावर होती. अजून तिला पाणीसुद्धा ठरत नव्हतं. तिने आतून विचारलं, "आई, तू खरंच माफी मागितली नव्हतीस का?"

बायको स्वयंपाकघरात गेली, तिने पिठाचा डबा काढला, झाकण उघडलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझं चुकलं." मग झाकण लावलं, बारकीच्या उशाशी बसली आणि तिचे केस कपाळावरून मागे करत राहिली. मास्तर दारात उभे होते. त्यांनी आयुष्यात अनेकदा जादाचा ब्रेक वेळेवर दाबला होता. इथे पाय कुठे ठेवायचा तेच त्यांना सापडत नव्हतं.

तरीही श्रद्धा सुटली नाही. हे लिहायला वाईट वाटतं, पण घडलं तसं सांगायचं तर सुटली नाही. इतकं काही पणाला लावलं की माणूस खोटं ठरण्यापेक्षा अजून थोडं खोलात जाणं पसंत करतो. मास्तरांनी ठरवलं की आपलीच सेवा कमी पडतेय. पुढच्या शनिवारी ते सकाळीच सभागृहाच्या स्वयंपाकघरात हजर झाले.

तिथे गडबड होती. पीठ मळणारा बाबांचा भाचा भट्टीला हात पोळून घरी बसला होता. बाबा अजून यायचे होते. "तुम्हाला पीठ मळता येतं का?" एका स्वयंसेवकाने विचारलं.

"दर रविवारी करतो," मास्तर म्हणाले.

"मग धुवा हात. हे पोतं. पाणी घाला आणि गोळा करा. फार मळू नका, बाबा म्हणतात त्याला त्रास होतो."

पोत्यावर गव्हाच्या ओंबीचं छान चित्र होतं. मास्तरांनी पीठ परातीत ओतलं, मधे खळगा केला, पाणी घातलं आणि हात घातले.

मग ते थांबले.

त्यांनी पुन्हा हात फिरवला. गोळ्याची एक कड धरून ओढली. ती तुटली. दुसरी ओढली. तीही तुटली. हाताला ओली माती लागत होती. बोटांच्या मधे तो ओळखीचा इसबगोलाचा बुळबुळीतपणा. वर्षानुवर्षं रविवारी सकाळी ज्याच्याशी झटापट केली तेच पीठ, ओंबीचं चित्र लावून इथे येऊन बसलं होतं.

आधी त्यांना आनंद झाला. काय शक्ती आहे बाबांची, गव्हाचा स्वभावच बदलला! आणि मग, गाडी वळणावर आल्यावर जसा पाय आपोआप हलतो तसा, पुढचा विचार आला. बाबा अजून आलेच नाहीत. माफी अजून कोणी मागितलीच नाही. राग उतरवायच्या आधीच या गव्हाला राग नव्हता.

मास्तरांनी गोळ्याचा एक लचका तोडला, डब्यात घातला, उरलेला गोळा नीट झाकून ठेवला आणि हात धुतले.

"झालं?" स्वयंसेवकाने विचारलं.

"झालं," मास्तर म्हणाले.

*

डॉक्टरीणबाईंनी सगळी हकिकत शांतपणे ऐकली. आता ओरडा बसणार म्हणून मास्तर मान खाली घालून बसले होते. बायको आणि बारकी शेजारी.

"गव्हाने माफ केलं का?" बाईंनी विचारलं.

"हो. म्हणजे, बाबा तसं म्हणाले."

"छान. बाही वर करा, रक्त घ्यायचंय."

मग त्यांनी खोलीतल्या बेसिनचा नळ सोडला. बायकोने घरच्या, म्हणजे बाबांनी कान लावलेल्या पिठाचा गोळा चांगला मळून आणला होता. तो त्यांनी बारकीच्या एका हातात दिला आणि सभागृहातला लचका दुसऱ्या हातात. "एकेक करून पाण्याखाली धर आणि दाबत राहा."

सभागृहातला लचका बघता बघता विरघळला. पांढरं पाणी वाहून गेलं, बोटांवर थोडा बुळबुळीत गाळ राहिला. ओढला तर तुटला. मग घरचा गोळा. त्यातूनही पांढरं पाणी गेलं, गोळा लहान होत गेला, पण संपेना. दाबून दाबून शेवटी पाणी स्वच्छ येऊ लागलं, तेव्हा बारकीच्या मुठीत पिवळट करड्या रंगाचा एक चिवट गोळा उरला. तिने तो ओढला. तो लांब झाला. सोडला. तो आखडला.

"ई! रबर!"

"ते ग्लुटेन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गव्हाच्या पिठात असतं. हा गोळा माफी मागून आलाय, तरी आहे. तो दुसरा माफीच्या आधीचा, तरी त्यात नाही. कारण तो गहूच नाही. त्यात कुठली पिठं आहेत ते तुझ्या पप्पांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे."

"म्हणजे सभागृहात मी जो पाव खाल्ला..."

"तो पथ्याचाच होता. म्हणून काही झालं नाही. घरचा खरा गहू होता. म्हणून झालं."

बारकी बराच वेळ ते रबर ओढत, सोडत बसली. मग म्हणाली, "म्हणजे आईमुळे नव्हतं."

"नव्हतं," मास्तर म्हणाले.

बाहेर रस्त्यावर आल्यावर ते बायकोला म्हणाले, "गव्हाची इतक्यांदा माफी मागितली. तुझी राहिली."

"मी कान लावून ऐकणार नाहीये," ती म्हणाली. "स्पष्ट बोला."

मास्तर स्पष्ट बोलले. भर रस्त्यात, बसची वाट बघणाऱ्या चार अनोळखी माणसांसमोर. ती माणसं उगाच दुसरीकडे बघू लागली.

रक्ताचा निकाल दोन दिवसांनी आला. मास्तरांच्या शरीरात आतड्याविरुद्ध लढणाऱ्या द्रव्यांचा आकडा पार आभाळाला भिडला होता. "पुन्हा दुर्बीण घालावी लागेल," डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या. "दोन-अडीच महिने रोज आतून घर जाळलंत, आणि धूर दिसला नाही म्हणून खूश होतात."

*

शनिवारी सभागृहात 'अनुभव सांगा' असा भाग असे. मास्तर हात वर करून मंचावर गेले. मागून बायको दोन घमेली घेऊन चढली आणि बारकी पाण्याची बादली. बाबांच्या चेहऱ्यावर माफक आश्चर्य दिसलं. पण त्यांना वाटलं असावं, ही कसलीशी नवी सेवा आहे.

"मी गाडी शिकवतो," मास्तर म्हणाले. "भाषण मला येत नाही. मी फक्त करायला सांगतो, तुम्ही करा. आज ज्यांच्या पिशव्यांना बाबांनी कान लावला, राग उतरला म्हणाले, त्यातल्या कोणी पुढे या."

पोस्टमन आला. पहिल्या रांगेतल्या बाई आल्या. आणखी दोघं-तिघं आली. बायकोने त्यांच्याच पिशव्यांतलं पीठ पाण्यात मळून त्यांच्या हातात गोळे दिले. मग बारकी पडद्यामागे गेली आणि दुसऱ्या खेपेच्या परातीतल्या, अजून माफी न मागितलेल्या गोळ्याचा लचका घेऊन आली.

"हात लावू नका!" बाबा म्हणाले. मध थोडा आटला होता. "पाण्यात घालू नका, राग परत येईल!"

"येऊ द्या," मास्तर म्हणाले. "तुम्ही आहातच."

घमेल्यांत हात गेले. सभागृहात पाण्याच्या आवाजाशिवाय काही ऐकू येईना. बाबांच्या परातीतला लचका बारकीने धुतला. तो विरघळून गेला, आणि तिने रिकामे तळवे सगळ्यांना दाखवले. लोकांच्या हातात मात्र, एकामागून एक, रबराचे चिवट गोळे उरत गेले. पहिल्या रांगेतल्या बाईंनी आपला गोळा ओढला आणि त्यांच्या तोंडून "अगंबाई" निघालं.

"हे तुमच्या घरच्या पिठातलं ग्लुटेन," मास्तर म्हणाले. "शांत झालेलं. यांच्या परातीत ते आधीपासूनच नाही, कारण त्या परातीत गहूच नाही. तांदूळ आहे. मी गेल्या शनिवारी हाताने मळलंय."

पोस्टमन आपल्या मुठीकडे बघत होता. पुन्हा पुन्हा तो गोळा दाबत होता, जणू अजून धुतला तर संपेल. "हे मी रोज खातोय," तो हळू म्हणाला. "पोटात कळ आली की वाटायचं, माझीच माफी खोटी."

आता सगळे बाबांकडे बघत होते. बाबांनी टोपी सारखी केली. "तुमच्या घरांतला गहू," ते म्हणाले, "फारच रागीट आहे."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं कोणी. बाबांनी माइकवर आणखी काहीतरी सुरू केलं, पण हशा एकदा सुटला की माइकचा उपयोग होत नाही. काही जण रागावून देणगीच्या टेबलाकडे निघाले. काही जण कोणाशी न बोलता पिशव्या उचलून गेले. त्यांचे चेहरे बघवत नव्हते. पहिल्या रांगेतल्या बाई मात्र मंचापाशीच घुटमळत होत्या. त्यांनी मास्तरांना विचारलं, "सगळं कळलं. पण तो पाव ते एवढा मऊ कसा करतात? आमच्याकडे वीट होते."

आत्या दारापाशी भेटली. "मला पहिल्यापासून संशय होता," ती म्हणाली.

पडद्यामागे पावबाबा टोपी काढून भांडी आवरत होते. टोपीशिवाय ते कुठल्याही दुकानातल्या माणसासारखे दिसत होते. घमेली परत न्यायला गेलेल्या बारकीने त्यांना विचारलं, "तुमचा पाव खरंच चांगला होता. तुम्ही नुसतं दुकान का नाही काढलं?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "काढलं होतं," ते म्हणाले. आवाजात मध नव्हता. "तांदळाचा पाव, पथ्याचा, म्हणून पाटी लावली होती. लोक यायचे, महाग आहे म्हणून जायचे. मग एकदा थट्टेने म्हणालो की हा गहूच आहे, फक्त शांत केलाय. दुसऱ्या दिवशी रांग लागली."

"पण माझं पोट दुखलं," बारकी म्हणाली.

पावबाबा भांडी आवरत राहिले. पुढे म्हणे ते दुसऱ्या गावी गेले आणि तिथे दुधाची समजूत काढतात.

आता ही गोष्ट इथे सांगायचं कारण. ज्या घरात असं जन्माचं पथ्य असतं, ते घर भोळं नसतं, दमलेलं असतं. ज्याने भिंग घेऊन वर्षानुवर्षं बाटल्या वाचल्या, त्याला कोणीतरी एकदा "आता वाचू नकोस" म्हणावं असं वाटतं, आणि असं म्हणणारा नेमका वेळ साधून येतो. म्हणून त्याच्याशी वाद घालू नका, तपासा. चमत्काराच्या आधी ती वस्तू काय होती, ते बघा. त्याचं सामान बाजूला ठेवून तुमच्या सामानावर तेच करायला सांगा. जमलं नाही आणि त्याने दोष तुमच्या मनाला दिला, तर तिथेच उठा. आणि 'मला काही होत नाही' हा पुरावा धरू नका. आत काय चाललंय हे आतड्याला विचारायचं असेल तर त्याची तपासणी असते, ती करून घ्या.

मास्तरांनी पुन्हा पथ्य धरलं. वर्षभराने डॉक्टरीणबाईंनी त्यांचं रक्त तपासलं आणि सांगितलं की आकडा खाली आलाय, आतडं भरून येतंय.

मास्तरांना काहीच जाणवलं नव्हतं.